लाल फुलीखालचा एम

नोव्हेंबर २०२४ चा शेवटचा आठवडा. माझी भाची ओहायो राज्यातल्या कोलंबसला एमएस करायला गेली त्याला जेमतेम तीन महिने झाले होते. फोनवर म्हणाली, "मामा, इथे सगळ्यांच्या अंगात आलंय. कॅम्पसवर जिथे जिथे इंग्रजी एम आहे तिथे लाल चिकटपट्टीने फुली मारलीय. आमच्या मेकॅनिकलच्या पाटीचं पहिलं अक्षरच गायब!" शनिवारी मिशिगनशी सामना होता. त्या आठवड्यात ओहायो स्टेट विद्यापीठात मिशिगनचं आद्याक्षरसुद्धा डोळ्यांना दिसू द्यायचं नाही, अशी रीत आहे.

"कॉलेजची मॅच आहे ना गं?" मी विचारलं. ती हसली. त्यांच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणसं बसतात, म्हणजे आपली तीन वानखेडे. मिशिगनचं तर त्याहून मोठं, १,०७,६०१ आसनांचं. अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या, म्हणजे एनएफएलच्या, एकाही संघाचं मैदान नेहमीच्या आसनांवर लाखापर्यंत पोचत नाही. कॉलेजांची अशी मैदानं अर्ध्या डझनाहून जास्त आहेत.

त्या शनिवारी रात्री साडेदहाला (तिकडे भर दुपार) मी तो सामना लावला आणि अडकलो. खेळ समजायला फार वेळ लागला नाही. हा आपला फुटबॉल नव्हे. त्याला ते सॉकर म्हणतात. इथे लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं किंवा फेकायचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलात तर चेंडू तुमच्याकडे राहतो, नाहीतर समोरच्याकडे जातो. शेवटच्या रेषेपलीकडे पोचलात की सहा गुण. डोकं चक्रावलं ते बाकीच्या गोष्टींनी. विजेता कसा ठरतो, हे संघ एकमेकांवर इतका दात का ठेवून असतात, आणि प्रशांत महासागराच्या काठावरचं विद्यापीठ 'अटलांटिक कोस्ट' नावाच्या गटात काय करतंय?

आधी विजेत्याचं बघू, कारण तिथला घोळ सर्वांत जुना आहे. कॉलेज खेळांची मोठी संस्था एनसीएए. ती कितीतरी खेळांत राष्ट्रीय स्पर्धा भरवते, पण फुटबॉलच्या सर्वोच्च विभागात तिने आजवर एकदाही अधिकृत विजेता ठरवलेला नाही. या विभागात १३० हून जास्त संघ आहेत आणि नियमित हंगामात प्रत्येक संघ साधारण बाराच सामने खेळतो. इतका अंगमेहनतीचा, हाडं मोडणारा खेळ आठवड्यातून एकदाच खेळता येतो. सगळे सगळ्यांशी खेळले असं होणं शक्यच नाही. मग ठरवायचं कसं? मतदानाने!

समजा, महाराष्ट्र केसरीची गदा आखाड्यात ठरलीच नाही. पत्रकारांनी आपापल्या पसंतीची यादी पाठवली आणि गुणांची बेरीज करून पैलवान जाहीर केला. अमेरिकेत कित्येक दशकं नेमकं हेच चाललं. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने १९३६ पासून पत्रकारांची क्रमवारी सुरू केली. १९५० पासून प्रशिक्षकांची वेगळी क्रमवारी आली. दोघांचं एकमत झालं तर ठीक, नाहीतर त्या वर्षी विजेते दोन. १९९७ साली पत्रकारांनी मिशिगनला पहिलं ठरवलं, प्रशिक्षकांनी नेब्रास्काला. दोन्ही संघ अपराजित होते, आणि दोघांची गाठ कधी पडलीच नाही. त्या वादावर दोन्ही राज्यांतली माणसं आजही तासभर भांडू शकतात.

मला सर्वांत आवडलेला किस्सा १९७३ चा. तेव्हा प्रशिक्षक आपलं शेवटचं मत हंगामानंतरच्या मोठ्या लढतींच्या आधीच देऊन मोकळे होत. त्यांनी अलाबामाला विजेता जाहीर केलं. त्यानंतर अलाबामा शुगर बोल नावाच्या लढतीत उतरलं आणि नोत्र दामकडून २४-२३ ने हरलं. वरात आधी, लग्न नंतर, आणि लग्नच मोडलं! तरी अलाबामा ते विजेतेपद आजही आपल्या यादीत अभिमानाने मोजतं. पुढच्या वर्षापासून प्रशिक्षकांनी मतदान शेवटी ठेवलं.

हे 'बोल' प्रकरण काय आहे, तेही सांगायला हवं. अमेरिकेच्या मधल्या भागात डिसेंबर-जानेवारीत बर्फ पडतो. कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, लुइझियाना, टेक्सास इथल्या उबदार शहरांनी युक्ती काढली. लांबचे दोन नामवंत संघ बोलवायचे, त्यांच्यामागून हजारो पाहुणे येतील, हॉटेलं भरतील. पहिली अशी लढत १९०२ च्या नववर्षदिनी पॅसाडिनात झाली. मिशिगनने स्टॅनफर्डला ४९-० असं चेचलं, इतकं की वेळ संपायच्या आधीच स्टॅनफर्डने 'पुरे' म्हटलं. आयोजक हिरमुसले आणि पुढची काही वर्षं फुटबॉलऐवजी चक्क रथांच्या शर्यती लावल्या. १९१६ पासून फुटबॉल परत आलं. नंतर तिथे वाडग्याच्या आकाराचं स्टेडियम उभं राहिलं, म्हणून रोझ बोल. त्याच्या मागून शुगर, ऑरेंज, कॉटन असे बोल आले. या शहरांचे आणि विद्यापीठांच्या गटांचे जुने करार होते, ठरावीक गटाचा विजेता ठरावीक शहरातच जाणार. त्यामुळे देशातला पहिला आणि दुसरा संघ एकमेकांसमोर येणं हा निव्वळ योगायोग असायचा. बाद फेरीची मागणी झाली की बोलवाले आडवे यायचे. त्यांचंही बरोबर होतं, गिऱ्हाईक कोण सोडतं?

१९९८ मध्ये तोडगा म्हणून बीसीएस ही पद्धत आली. मतदान आणि संगणकाचं गणित एकत्र करायचं, त्यातून वरचे दोन निवडायचे आणि त्यांची एकच अंतिम लढत. पाचच वर्षांत फजिती झाली. २००३ च्या हंगामाअखेर सदर्न कॅलिफोर्निया, म्हणजे यूएससी, पत्रकार आणि प्रशिक्षक दोघांच्याही यादीत पहिलं होतं, पण संगणकांनी त्याला खाली ढकललं. अंतिम लढत लुइझियाना स्टेट, म्हणजे एलएसयू, आणि ओक्लाहोमामध्ये झाली. ती एलएसयूने जिंकली आणि पत्रकारांनी आपलं मत न बदलता यूएससीलाच विजेता ठेवलं. म्हणजे यंत्र आणूनही विजेते पुन्हा दोनच! २०११ मध्ये अंतिम लढतीचे दोन्ही संघ एकाच गटातले निघाले, एलएसयू आणि अलाबामा. हंगामात एकदा ते भिडलेच होते आणि अलाबामा हरलं होतं. अंतिम लढतीत तेच जिंकलं. बाकीच्या देशाने कपाळावर हात मारला.

२०१४ च्या हंगामापासून चार संघांची बाद फेरी सुरू झाली. संघ निवडायचं काम तेरा जणांच्या समितीकडे. म्हणजे मतदान संपलं नाही, दार तेवढं थोडं रुंद झालं. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेट सगळे तेरा सामने जिंकून, आपल्या गटाचं विजेतेपद घेऊन आलं, तरी समितीने त्याला बाहेर ठेवलं. कारण त्याचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, जखमी झाला होता. हा निर्णय मला आजही पटत नाही. हंगामभर न हरलेल्याला 'पुढे हरशील' म्हणून घरी पाठवायचं, ही परीक्षेत पास झालेल्याला पुढच्या वर्षीच्या पेपरात नापास करण्यातली गत. २०२४ पासून बाद फेरीत बारा संघ आले. सुरुवातीला त्यात सर्वोच्च क्रमांकाच्या पाच गटविजेत्यांना जागा राखीव होत्या, उरलेल्या सात समितीच्या मर्जीवर.

आता पुन्हा भाचीच्या शनिवारकडे. ओहायो स्टेट दुसऱ्या क्रमांकावर होतं, आणि सामना घरच्या मैदानावर. मिशिगनचा तो हंगाम वाया गेलेला, सहा जिंकलेले, पाच हरलेले. क्रमवारीत नावच नाही. निकाल लागला मिशिगन १३, ओहायो स्टेट १०. हे मिशिगनचं ओळीने चौथं यश. वर मिशिगनच्या पोरांनी ओहायो स्टेटच्या मैदानात मधोमध आपला झेंडा रोवायचा प्रयत्न केला, धक्काबुक्की झाली, पोलिसांनी मिरचीचा फवारा मारला. दोघांच्या बिग टेन गटाने दोन्ही विद्यापीठांना एक-एक लाख डॉलर दंड केला. भाचीने त्या दिवशी फोन उचलला नाही.

हे वैर येतं कुठून? गोष्ट सांगणारे १८३५ पर्यंत मागे जातात. टोलेडो शहराभोवतीची जमिनीची पट्टी ओहायोची की मिशिगनची, यावरून दोन्ही बाजूंनी चक्क फौजा उभ्या केल्या. नकाशातल्या चुकीमुळे बांध कुठला हेच नक्की नव्हतं. 'युद्धा'त म्हणण्यासारखी जखम एकच झाली. मिशिगनच्या एका पोलीस अधिकाऱ्याला टू स्टिकनी नावाच्या माणसाने चाकू भोसकला. होय, नाव टू. त्याच्या थोरल्या भावाचं नाव वन! बापाने मुलांना आकडेच दिले होते. शेवटी टोलेडो ओहायोला मिळालं आणि मिशिगनच्या पदरी सरोवरापलीकडचा जंगली भाग टाकून त्याला राज्याचा दर्जा दिला. पुढे त्या जंगलात तांबं आणि लोखंड सापडलं. बांधावरून भांडणाऱ्याच्या शेतात विहीर लागावी तसं.

पहिला सामना त्यानंतर साठ वर्षांनी, १८९७ मध्ये झाला. तेव्हा टोलेडो कुणाच्या मनात असेल असं मला वाटत नाही. नंतर जोडलेली गोष्ट आहे ती. खरा विस्तव पेटला १९६९ ते १९७८ या काळात. ओहायो स्टेटचे प्रशिक्षक वूडी हेज आणि त्यांचाच जुना सहकारी, मिशिगनचे बो शेम्बेक्लर, समोरासमोर. गुरू-चेल्याच्या या दहा वर्षांना तिथे 'दहा वर्षांचं युद्ध'च म्हणतात. २००६ मध्ये पहिल्यांदाच हे दोन संघ देशात पहिले आणि दुसरे असताना भिडणार होते, आणि आदल्या दिवशी बो वारले. ओहायो स्टेटने तो सामना ४२-३९ ने जिंकला.

अलाबामा आणि ऑबर्न यांचं वैर आणखी घरगुती आहे, एकाच राज्यातलं. १९०७ नंतर दोघांनी चाळीस वर्षं एकमेकांशी खेळणंच सोडलं होतं. १९४८ मध्ये पुन्हा जमलं. बर्मिंगहॅम या लोखंड-पोलादाच्या शहरात सामना व्हायचा म्हणून नाव आयर्न बोल. २०१३ ची लढत एकदा तरी शोधून बघाच. गुण २८-२८, उरला एक सेकंद. अलाबामाने ५७ यार्डांवरून चेंडू गोलखांबांकडे मारला, तो कमी पडला. खांबांखाली उभ्या असलेल्या ऑबर्नच्या क्रिस डेव्हिसने तो झेलला आणि अख्खं मैदान पळून पार केलं. ३४-२८. त्याआधी २०१० च्या सामन्यानंतर ऑबर्नच्या चौकातल्या जुन्या ओक झाडांना अलाबामाच्या एका चाहत्याने विष घातलं होतं. ऑबर्नची माणसं विजयानंतर त्याच झाडांवर कागदाच्या पट्ट्या उडवून जल्लोष करायची. झाडं शेवटी काढावी लागली. वैराला हद्द असते ती इथे ओलांडली गेली.

आर्मी आणि नेव्ही यांचा मामला वेगळा. लष्करी आणि नौदल अकादमीचे छात्र १८९० पासून खेळतात. सामना संपला की दोन्ही संघ आधी हरलेल्यांच्या छात्रांसमोर उभे राहून त्यांचं गीत म्हणतात, मग जिंकलेल्यांचं. तिथे गळा दाटून येतो, हे मी कबूल करतो.

आता त्या अटलांटिकच्या कोड्याकडे. आतापर्यंत मी 'गट' म्हणत आलो. तिकडचा शब्द कॉन्फरन्स. आपल्या भाषेत सांगायचं तर भावकी. रेल्वेने जाता येईल एवढ्या अंतरावरची विद्यापीठं एकत्र आली, कोण खेळू शकतो याचे नियम ठरवले, आणि दर वर्षी आपसांत खेळू लागली. १८९६ ची बिग टेन ही त्यातली थोरली पाती. दर वर्षी तेच चेहरे समोर असले की वैरही मुरतं, लोणच्यासारखं. भावकी आणि भांडण वेगळं काढताच येत नाही.

भावकी फुटली ती वाटणीवरून, आणि वाटणी होती टीव्हीच्या पैशांची. पूर्वी कुठला सामना दाखवायचा हे एनसीएए ठरवायची आणि संघांच्या प्रक्षेपणावर मर्यादा घालायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी कोर्ट गाठलं. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७-२ ने निकाल दिला की ही मक्तेदारी बेकायदेशीर आहे. विरोधात मत देणाऱ्या दोघांपैकी एक होते न्यायमूर्ती बायरन व्हाइट. ते स्वतः कोलोरॅडोचे गाजलेले कॉलेज फुटबॉलपटू. पैशाला मोकळं रान मिळालं तर कॉलेजचा खेळ कॉलेजचा राहणार नाही, अशी त्यांची धास्ती होती. पुढचं बघितल्यावर म्हातारा चुकला असं म्हणवत नाही.

आता जितके मोठे संघ एकत्र, तितका करार मोठा. पेन स्टेट अकरावा सदस्य म्हणून आला तरी बिग टेनने नाव बदललं नाही. बोधचिन्हात अकराचा आकडा गुपचूप लपवला. २०११ मध्ये नेब्रास्का बिग ट्वेल्व्ह सोडून बिग टेनमध्ये आलं. मग अशी गंमत झाली की बिग टेनमध्ये बारा संघ आणि बिग ट्वेल्व्हमध्ये दहा. २०१४ मध्ये न्यू जर्सीचं रटगर्स बिग टेनमध्ये घेतलं. इतिहासातला पहिला कॉलेज सामना १८६९ मध्ये प्रिन्स्टनविरुद्ध ६-४ असा जिंकणारं हेच विद्यापीठ, पण अलीकडे खेळात यथातथाच. मग का घेतलं? न्यूयॉर्कच्या आसपासची केबलची घरं! गटाचं स्वतःचं चॅनल होतं. ते नेहमीच्या पॅकेजात आलं की दर घरामागे पैसे मिळतात, घरातलं कुणी सामना बघो वा न बघो. रटगर्सच्या शेजारीच एडिसन आहे, जिथे मराठी घरं कमी नाहीत. क्रिकेटसाठी केबल घेतलेल्या कितीतरी कुलकर्णी-पाटलांनी नकळत बिग टेनच्या तिजोरीत भर घातली असणार.

सर्वांत मोठी पडझड पश्चिम किनाऱ्यावर झाली. १९१५ पासूनची परंपरा सांगणारी पॅक-ट्वेल्व्ह. जून २०२२ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए यांनी बिग टेनमध्ये जाणार असं जाहीर केलं. घर फिरलं की वासेही फिरतात. उरलेल्यांना चांगला टीव्ही करार मिळेना. ॲपलचा प्रस्ताव आला तो प्रेक्षकांच्या वर्गणीवर अवलंबून. जुलै २०२३ मध्ये कोलोरॅडो गेलं. ४ ऑगस्टला एकाच दिवसात पाच विद्यापीठांनी उंबरा ओलांडला. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड आणि बर्कली यांनी अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचा आसरा घेतला, तोही कमी हिश्श्यावर. डॅलसच्या एसएमयूने तर त्याच गटात शिरायला नऊ वर्षं टीव्हीच्या पैशांवर पाणी सोडलं. बारापैकी मागे राहिले दोनच, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. त्यांनी कोर्टात जाऊन निदान घराच्या किल्ल्या मिळवल्या, आणि २०२६ पासून नवे भाडेकरू जमवून घर पुन्हा मांडायचं ठरवलं.

एक तपशील मला फार बोलका वाटतो. यूसीएलए आणि बर्कली दोन्ही एकाच सरकारी विद्यापीठ व्यवस्थेतली भावंडं. एक श्रीमंत घरी गेलं आणि दुसऱ्याचं नुकसान झालं, म्हणून नियामक मंडळाने ठरवलं की यूसीएलएने बर्कलीला काही वर्षं दर वर्षी १ कोटी डॉलर द्यावेत. तिकडचे लोक याला थट्टेने पोटगीच म्हणतात.

आज बिग टेनमध्ये अठरा संघ आहेत. लॉस एंजेलिस ते रटगर्स हे अंतर काश्मीर-कन्याकुमारीपेक्षाही जास्त आहे. फुटबॉलवाले आठवड्यातून एकदा खास विमानाने जातात, त्यांचं भागतं. पण व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींनाही त्याच गटात खेळायचं असतं, बुधवारी रात्री देशाच्या दुसऱ्या टोकाला, आणि गुरुवारी परीक्षा. खेळाडूंच्या हातात आता पैसा येऊ लागलाय. २०२१ पासून स्वतःच्या नावावर जाहिराती करता येतात, आणि २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं थेट पैसे देऊ शकतात. पण त्यातला मोठा वाटा फुटबॉलच्या पोरांकडेच जातो, त्या मुलींकडे नाही.

आणि वैरं? काही तुटली. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट एकाच राज्यातले, पण ओक्लाहोमा एसईसी या दक्षिणेकडच्या गटात गेल्यामुळे २०२३ नंतर दोघांचा सामना थांबला. टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम २०११ नंतर तेरा वर्षं भेटले नाहीत, कारण ए अँड एम एसईसीत निघून गेलं. गंमत म्हणजे पुढे टेक्सासही पैशांमागे त्याच घरात पोचलं आणि ३० नोव्हेंबर २०२४ ला दोघे पुन्हा समोरासमोर आले. टेक्सासने १७-७ ने सामना घेतला. योगायोगाने कोलंबसमध्ये झेंड्यावरून मारामारी झाली तो दिवसही हाच.

त्या मारामारीनंतरचं सांगायचं राहिलं. जुन्या चार संघांच्या पद्धतीत ओहायो स्टेटला दार बंद झालं असतं. बारांच्या पद्धतीत ते आठव्या क्रमांकाने आत शिरलं, टेनेसी, ओरेगन, टेक्सास यांना हरवत गेलं आणि २० जानेवारी २०२५ ला अटलांटात नोत्र दामला ३४-२३ ने हरवून राष्ट्रीय विजेतं झालं. पुढच्या हंगामात उलटं झालं. मिशिगनला त्यांच्याच मैदानात २७-९ ने लोळवलं, पण बाद फेरीत मियामीने पहिल्याच सामन्यात घरी धाडलं.

मी भाचीला विचारलं, "दोन्हींतलं एकच वर्ष ठेवायचं तर कुठलं ठेवशील?"

"मामा, हे काय विचारणं झालं," ती म्हणाली. "सत्तावीस-नऊ."